साडूनं शोधलेली गळती

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी दाढी करत होतो. फोन विमलनं, माझ्या बायकोनं, घेतला. पलीकडे तिची धाकटी बहीण सुनंदा बोलत होती, हे मला विमलच्या नुसत्या "हो… हो… कधी?" वरून कळलं. फोन ठेवून विमल भिंतीला टेकत खाली बसली आणि मी गालावरचा फेस तसाच घेऊन उभा राहिलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याच्या मयतीला माणसं फार येतील. माझ्या मयतीला येतील त्याहून कितीतरी जास्त. साडू वारला होता, मेव्हणी विधवा झाली होती आणि मी गर्दीचा हिशेब करत होतो. लिहायला लाज वाटते. पण गेल्या सव्वा महिन्यात प्रल्हाद इंगळेबद्दल इतकं गोड बोललं गेलंय, की त्यात माझं आणखी एक चमचा गोड कशाला… निदान मी तरी खरं लिहावं.

माणसं आलीच. अकोल्याच्या बायपासवर ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर उतरून, चपला काढून, आमच्या मागं चालू लागले. शेजारच्या मशिदीतले मौलाना आले. हिवरखेडहून, त्याच्या गावाहून, दोन जीप भरून लोक आले. आणि प्रत्येक जण सुनंदाच्या घरच्यांना तेच सांगत होता, की आमच्या गाडीची टाकी कोणालाच जमली नव्हती, मिस्त्रीनं हात लावला अन् जमली. प्रल्हादचं दुकान म्हणजे बायपासवरचं पत्र्याचं एक शेड. रेडिएटर आणि डिझेलच्या टाक्या दुरुस्त करायचा. दहावीत नापास झालेला माणूस. मी नागपूरला शिकलो, मुंबईत विमानांच्या हँगरमध्ये बावीस वर्षं काढली, विमान उडायला लायक आहे असं लिहून देण्याचं लायसन माझ्या खिशात होतं. पण सासुरवाडीला दोन्ही जावई पोचले की सासरे त्याच्यासाठी बाज टाकायचे आणि माझ्यासाठी खुर्ची. खुर्चीत मान होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सारं घर बाजेभोवती जमायचं आणि मी खुर्चीत एकटा पेपर वाचत बसायचो.

नोकरी सोडून मी वलगावच्या वडिलांच्या वावराकडे लक्ष द्यायला परत आलो, तेव्हा माझ्याकडे एकच गोष्ट अशी उरली होती जी प्रल्हादकडे नव्हती. ते म्हणजे कॅप्टन सरोदे यांचं विमान. कॅप्टन मूळचे परतवाड्याचे, मोठ्या विमानांवरून निवृत्त झालेले. त्यांनी हौसेनं एक जुनं, माझ्याहून वयानं मोठं, दोन आसनांचं विमान घेतलं होतं. पंख वरच्या बाजूला, सांगाड्यावर कापड ताणून मढवलेले. ते अकोल्याला शिवणीच्या धावपट्टीजवळच्या एका शेडमध्ये असायचं. मी अमरावतीहून आठवड्यातून दोनदा जाऊन त्याची देखभाल करायचो. अकरा वर्षं केली. त्याच्या प्रत्येक खिळ्याशी माझी ओळख होती. सासुरवाडीला कोणी विचारलं, की मी मुद्दाम सहज म्हटल्यासारखं म्हणायचो, "उद्या विमानाकडे जायचंय."

बारा वर्षांपूर्वी, संक्रांत झाल्यावर, त्या विमानाची टाकी गळू लागली. उजव्या पंखाच्या मुळाशी, कापडाच्या आत, जस्तासारखा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी होती. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग असतो. तो निळा डाग टाकीच्या मागच्या कोपऱ्याखाली कापडावर उमटला, आणि बसायच्या जागेत पेट्रोलचा वास येऊ लागला. समोर तापलेलं इंजिन आणि डोक्याजवळ पेट्रोलची वाफ, हा प्रकार हसण्यावारी न्यायचा नसतो. मी विमान बंद केलं. टाकी उतरवली, रिकामी केली, धुतली, तोंडं बंद करून आत फुटबॉलच्या पंपानं बेताची हवा भरली आणि अंगभर साबणाचा फेस लावला. बुडबुडा कुठंच नाही. तरी जिथं डाग होता तो कोपरा मी नव्यानं कथलाचा डाख देऊन जोडला. टाकी बसवली, पेट्रोल भरलं. तिसऱ्या दिवशी निळा डाग पुन्हा हजर. पुन्हा उतरवली, पुन्हा फेस, पुन्हा काही नाही. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावर आतून लेप दिला. तिसऱ्या वेळी मागची सबंध शिवण उकलून नव्यानं जोडली. दर वेळी बाहेर कोरडी ठणठणीत, आणि आत बसवली की गळायची. टाकी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला, नवी मिळायचा प्रश्न नव्हता. कॅप्टन काही बोलायचे नाहीत. फक्त शेडमध्ये येऊन विमानाभोवती एक फेरी मारायचे आणि परत जायचे… ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मे उजाडला. विमलनं बहिणीशी फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं, की ह्यांना झोप लागत नाही, विमानाची टाकी गळते म्हणून. पुढच्याच सोमवारी मी शेडमध्ये असताना बाहेर स्कूटर थांबली. दुकान बंद ठेवून प्रल्हाद आला होता, न बोलावता. हातात पिशवी, तोंडात सुपारी. विमान त्यानं पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. चपला दाराशी काढल्या, देवळात काढाव्या तशा, आणि आत आला.

"भाऊ," तो म्हणाला, "टाकी कुठी हाय?"

मी टेबलावरची टाकी दाखवली. काय काय केलं ते सांगितलं. जरा जास्तच इंग्रजी शब्द वापरून सांगितलं, हे आज कबूल करतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग टाकी उचलली, कानाजवळ नेऊन हलवली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"तुमी तिले बाहेर काढून पाहून राहिले नं भाऊ? लेकीले माहेरी आणलं अन् इचारलं, बाई तुले तरास हाय का, तर ते हासतेच. तिले सासरीच जाऊन पाहा लागते."

कॅप्टन दारात उभे होते, मला माहीत नव्हतं. ते एवढ्या मोठ्यानं हसले की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अकरा वर्षांत माझ्या बोलण्यावर कॅप्टन असे कधी हसले नव्हते.

प्रल्हादनं पंखातल्या जागेची मापं दोरीनं घेतली. टाकी ज्या दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवतात ते पट्टे आणि त्यांच्याखाली टाकीला चिकटवलेली नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, अस्तरं निरखून पाहिली. दुसऱ्या दिवशी तो लाकडाची एक चौकट घेऊन आला, अगदी पंखातल्या खाचेसारखी. टाकी तिच्यात बसवली, पट्टे चढवले, हवा भरली, फेस लावला आणि पान्यानं पट्टा कसायला लागला. एक आटा… काही नाही. दुसरा आटा… काही नाही. तिसरा आटा अर्धा फिरला आणि पुढच्या पट्ट्याच्या कडेनं, नमद्याखालून, एक बारीक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग माळच.

आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. नमदा सोलून काढला. त्यानं वर्षानुवर्षं ओल धरून ठेवली होती. खालचा पत्रा गंजला होता आणि शिवणीशी केसाएवढी चीर होती. पट्टा सैल असला की चीर मिटलेली, कसला की उघडायची. पेट्रोल तिथून निघून शिवणीच्या आडोशानं वाहत मागच्या कोपऱ्यात जाऊन ठिबकायचं. चार महिने मी डागाच्या मागं लागलो होतो. टाकी दर वेळी उतरवली तेव्हा ते पट्टे मीच सोडले होते, माझ्या हातांनी, आणि नमद्याखाली बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

"ट्रकच्या टाकीले नेहमीच होते हे," प्रल्हाद म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला होता. मला ते आणखी लागलं.

डाख मात्र त्यानं माझ्या देखरेखीखाली दिला, कारण रिकाम्या टाकीत उरलेली वाफ म्हणजे बॉम्ब. टाकी कढत पाण्यानं सात वेळा धुतली, मग पाण्यानं भरून फक्त चिरेपुरती जागा वर मोकळी ठेवली. जाळ शेडपासून पन्नास पावलांवर. तिथं तांब्याचा जड कैया, डाख द्यायचं हत्यार, तापवायचा, धावत आणायचा, डाख द्यायचा, पुन्हा तापवायला न्यायचा. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन होतं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पण चिरेवर कैया टेकवला की त्याचा हात असा स्थिर व्हायचा, जणू त्या हाताला बाकीचं अंगच नाही. वितळलेला डाख पत्र्याच्या आत शिरत जायचा, वर पसरायचा नाही. अशी शिवण मी मुंबईत परदेशातून आलेल्या कारागिरांच्या हातचीही पाहिली नव्हती. मी जवळ उभा राहून पाहत होतो आणि आतून जळत होतो. दुसरा शब्द नाही.

नमद्याऐवजी पाणी न धरणारी पट्टी लावली. हवा भरून टाकी चौकटीत कसून ठेवली, दुसऱ्या दिवसापर्यंत हवा कणभर कमी झाली नाही. टाकी बसवली, पेट्रोल भरलं, इंजिन चालवून पाहिलं. तीन दिवस कापड कोरडं. कॅप्टन इतके खूश झाले की त्यांनी प्रल्हादला विचारलं, "बोला, तुम्हाला काय देऊ?" त्यानं काही मागितलं नाही. खूप आग्रह केल्यावर लाजत म्हणाला, "आमच्या हिवरखेडवरून एक चक्कर मारता काय जी? माय हाय तठी. तिले सांगतो, वर पाहाजो म्हणून."

"तुम्हीही बसा माझ्यासोबत," कॅप्टन म्हणाले. परवानगी काढली, रविवार ठरला. सकाळी आठ-साडेआठला हिवरखेड.

अकरा वर्षांत कॅप्टननी मला विमानात अनेकदा बसवलं होतं, पण कामासाठी. इंजिनाचा आवाज ऐक, काटे बघ, कंपन कुठून येतं सांग. "तुमच्या गावावरून जाऊ या" असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. वलगाव काय लांब होतं? शुक्रवारी मी शेवटची तपासणी केली. टाकीखाली बोट फिरवलं. कोरडं. वास घेतला. नाही. विमान उडायला लायक आहे असं लिहून मी सही करायची, एवढंच उरलं होतं. मी वही मिटली आणि कॅप्टनना फोन केला, की अजून आठ दिवस निरीक्षण करावं असं मला वाटतं.

"काही दिसलं का, गावंडे?"

"दिसलं नाही. पण खात्री वाटत नाही."

आमच्या धंद्यात या वाक्यापुढं कोणी वाद घालत नाही. घालूही नये. मला ते माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य मी वापरलं. कॅप्टन म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं." प्रल्हादला मीच कळवलं. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, "बरं केलं भाऊ. तुमची सही हाय, तुमालेच कळते." रविवारी तो स्कूटरवर हिवरखेडला जाऊन आला, एवढंच मला नंतर समजलं.

आठ दिवसांनी मी सही केली. कॅप्टन आधी एकटे उडून आले, मग प्रल्हादला घेऊन वर गेले. पण आता आभाळ भरून येऊ लागलं होतं, वारा वळला होता, लांब जाण्यासारखं नव्हतं. अकोल्याभोवतीच दहा-बारा मिनिटं फिरले. मी खाली धावपट्टीच्या कडेला मान वर करून उभा होतो. त्या वेळी माझ्या मनात आलं… एक थेंब पडावा. एकच निळा थेंब, माझी शंका खरी ठरेल एवढाच. ज्या विमानात माझा साडू बसला होता, माझ्या मेव्हणीचा नवरा, त्याच्याबद्दल मी हे चिंतलं. क्षणभरच. पण तो क्षण माझाच होता.

ते उतरले. थेंब नव्हता. प्रल्हाद खाली उतरून विमानाच्या चाकाशीच बसला. मग बोलायला लागला तो थांबेना. "भाऊ, मोर्णा नदी वरून कशी दिसते सांगू का? चिंधी पिळून फेकली कोणी तशी! अन् वावरं… पत्र्याचे तुकडे कापून जोडल्यावानी. दोन वावरांमधले धुरे म्हणजे सारे डाखाच्या रेघा. देवानं काय डाख देल्ला, एक इंच सुटला नाई!" कॅप्टन, शेडचा राखणदार, सगळे हसत ऐकत होते. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की अकरा वर्षांत मी वरून खाली कधी पाहिलंच नव्हतं. मी काटे बघत होतो.

पावसाळा संपल्यावर हिवरखेडला जायचं ठरलं होतं. पण त्या दिवाळीआधी वैद्यकीय तपासणीत कॅप्टनच्या हृदयाचं दुखणं निघालं, त्यांचं उडणं बंद झालं आणि विमान दक्षिणेतल्या एका हौशी माणसानं नेलं. प्रल्हादनं त्यानंतर हजार लोकांना त्या दहा मिनिटांची गोष्ट सांगितली असेल. आणि दर वेळी त्या गोष्टीत माझं नाव यायचं. "आमचे भाऊ लय काटेकोर. टाकी कोरडी होती तरी आठ दिवस सही नाई केली. म्हणून तर मी जित्ता हाव!" लग्नात, बारशात, सासऱ्यांच्या तेरवीत. लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. माझ्या हातातला घास तिथंच थांबायचा.

त्याची फुप्फुसं बिघडली ती वर्षानुवर्षांच्या धुरानं. तो जाण्याच्या महिनाभर आधी मी त्याला अकोल्याच्या घरी भेटायला गेलो. दुपारची वेळ, सुनंदा स्वयंपाकघरात होती. तो उशांना टेकून बसला होता, बोलताना दम लागत होता. तेवढ्यात शेजारचा एक माणूस डोकावला आणि प्रल्हादनं माझी ओळख करून द्यायला तीच गोष्ट सुरू केली. माणूस गेल्यावर मी म्हणालो, "प्रल्हादराव, त्या आठ दिवसांत टाकीत काहीच नव्हतं. मला शुक्रवारीच माहीत होतं. मी मुद्दाम सही केली नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नसावं.

"माय उन्हात बसली होती भाऊ," तो म्हणाला. "म्या शेजारच्याच्या फोनवर निरोप देल्ला होता, इमान येत नाई म्हणून. तो लग्नाले तेल्हाऱ्याले गेलता, निरोप भेटलाच नाई. सकाळपासून अंगणात बाज टाकून बसली. सारं गाव जमलं होतं. मंग लोक हासत हासत घरी गेले. मी बारा वाजता पोचलो तं एकटीच होती, डोक्शावर पदर घेऊन वर पाहून राहिली होती. मले म्हणे, तू खालून काहून आला रे बाबू?"

एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं डोळे मिटले. मी थांबलो. तो "जाऊ द्या" म्हणाला नाही, आणि रागानंही काही बोलला नाही. थोड्या वेळानं सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा डोळे उघडून म्हणाला, "भाऊले साखर कमी लागते." मी चहा प्यालो आणि उठलो. ती शेवटची भेट. तोपर्यंत त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तेरवी झाली. मागच्या आठवड्यात सुनंदानं विचारलं, की दुकानातलं सामान काय करायचं ते बघता का, तुम्हाला कळतं. मी एकटाच बायपासवर गेलो. कुलूप काढलं. भिंतीला टेकवलेले रेडिएटर, प्रत्येकावर खडूनं गाडीचा नंबर. त्याचा बसायचा पाट मधोमध गुळगुळीत झालेला. मी तिथं उभा असतानाच बाहेर एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हर हातात डिझेलची छोटी टाकी घेऊन आत आला. मध्य प्रदेशातून माल घेऊन परत येत होता, त्याला काही माहीत नव्हतं.

"मिस्त्री कुठी हायेत?"

मी सांगितलं. तो टाकी खाली ठेवून तिथंच उकिडवा बसला. मग म्हणाला, की त्याला संध्याकाळपर्यंत खामगावला पोचायचंय. मी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, चपला काढल्या आणि पाटावर बसलो. टाकी धुतली, पट्ट्यात कसून गळती शोधली, पाणी भरलं, बाहेर जाळावर कैया तापवला. डाख दिला. अडुसष्टाव्या वर्षी मला कैया दोनदा जास्त तापवावा लागला, पण शिवण पक्की बसली. फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. ड्रायव्हरनं टाकी उजेडात धरून फिरवली, शिवणीवरून नख ओढलं आणि मान हलवली.

"चालन जी," तो म्हणाला. "पण मिस्त्रीच्या हाताची गोष्टच अलग होती."

छातीत चर्रकन जळलं. चाळीस वर्षांच्या ओळखीचं ते जळणं, अगदी तसंच, ताजं. प्रल्हाद गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. ड्रायव्हर टाकी घेऊन निघून गेला. मी त्या पाटावरच बसून राहिलो, कैया थंड होईपर्यंत.